मुदतीबाहेरचा मुक्काम

मुलाखतीच्या आदल्या दिवशी सकाळी बाबांनी मिक्सर उघडून ठेवला होता. जेवणाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र, त्यावर मोठ्यापासून धाकट्यापर्यंत ओळीनं मांडलेले स्क्रू, आणि बाबा नाकाच्या शेंड्यावर चष्मा घेऊन मोटरीकडे असे बघत होते, जणू तिनं उलट उत्तर दिलं असावं.

"चालत होता ना तो?" ती दारातूनच म्हणाली.

"रडत रडत चालत होता."

"बाबा, आज मिक्सर नाही. आज आपल्याला तयारी करायचीये."

"तू बोल की. हात गुंतलेत, कान मोकळे आहेत."

तिनं त्या दिवशी रजा टाकली होती. ती दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. डॉक्टरांकडून लोकांच्या जबड्यांचे साचे यायचे, त्यावरून कॅप आणि कवळ्या घडवायच्या. बाबा म्हणायचे, जगाला दात देते आणि घरी बापाला तोंड उघडू देत नाही. ते तिला 'साहेब' म्हणत. लाडानंही आणि चिडूनही. त्यातलं कुठलं ते आवाजावरून ओळखायचं.

बाबा मुळात पाहुणे म्हणून आले होते. आई गेल्यानंतर परदेशी लेकीकडे थोडे दिवस, एवढंच. आयुष्यभर त्यांनी शिलाई मशीनं दुरुस्त केली होती आणि आयुष्यभर पांढरा शर्ट घातला होता. तेलात हात घालणारा माणूस पांढरं कशाला घालतो, असं कुणी विचारलं तर म्हणत, "डाग लगेच दिसतो, म्हणून हात जपून चालतो." परत जायला महिनाभर अवकाश असतानाच त्यांनी बॅग भरून दाराशी आणून ठेवली होती. आणि नेमकी तेव्हा ती लॅबच्या जिन्यावरून घसरली आणि पाय प्लास्टरमध्ये गेला.

तिच्या घरात दुसरं कुणी नव्हतं. नवरा होता तेव्हाही फारसा नव्हता, आणि आता तर कागदावरही नव्हता. बाबांनी बॅग उघडली, शर्ट कपाटात परत लावले आणि जाहीर केलं, "हिचा पाय जमिनीवर टेकल्याशिवाय माझा हलणार नाही. सरकारला कळव."

तिनं कळवलंही. व्हिसाच्या मुदतवाढीचा अर्ज वेळेत गेला. शुल्क, डॉक्टरचा दाखला, बाबांचा फोटो, सगळं. दीड महिन्यानं तो अख्खा अर्ज परत आला. फोटोत अर्जदाराच्या खांद्यांची कड दिसत नाही, म्हणे. पार्श्वभूमी पांढरी हवी हा त्यांचाच नियम. पांढऱ्या भिंतीपुढे पांढऱ्या शर्टात बसवल्यावर बाबांचं फक्त डोकं उरलं होतं, हवेत तरंगणारं. तिच्या लाल स्वेटरमध्ये बसवून दुसरा फोटो काढला, अर्ज पुन्हा पाठवला, पण तोवर मुदत उलटून गेली होती. संपलेली मुदत वाढवायची कशी, असं कार्यालयानं विचारलं. प्रश्न इतका बिनतोड होता की तिला पत्र भिंतीवर फेकून मारावंसं वाटलं, आणि पत्राला वजन नसतं याचाही राग आला.

त्या दिवसापासून बाबा 'मुदतीबाहेरचे' झाले. तिनं गाठलेल्या वकीलबाई म्हणाल्या, आता एकच वाट आहे. कायम वास्तव्याचा अर्ज, आश्रित पालक म्हणून. मायदेशी सांभाळणारं कुणी नाही, स्वतःचं स्वतः होत नाही, सर्वस्वी मुलीवर अवलंबून. हे सिद्ध झालं तर राहता येईल. मधेच देश सोडला तर अर्ज बाद, वर पुन्हा येण्यावर कित्येक वर्षांची बंदी. बाबांचा पासपोर्ट कार्यालयाच्या कपाटात गेला. त्यानंतर वर्षभर कागदांचं दळण चालू होतं, आणि आता कुठे मुलाखतीची तारीख मिळाली होती.

"विचारतील, तिकडे तुमचं कोण आहे?" ती समोर खुर्ची ओढून बसली.

"अख्खी गल्ली आहे."

"बाबा. 'कुणी नाही' म्हणायचं."

"आणि तुझी आत्या? तिला काय जिवंतपणी मारू?"

"आत्याचे गुडघे गेलेत. ती तुम्हाला सांभाळू शकत नाही, एवढंच म्हणा."

"हे तिच्या कानावर गेलं ना, तर त्याच गुडघ्यांनी विमानात चढेल आणि मला बदडून जाईल."

हसू आलं होतं, पण तिनं ते गिळलं. हसलं की बाबांना वाटायचं, आपण जिंकलो.

"पुढचा प्रश्न. स्वतःची कामं स्वतः करता का?"

"तूच सांग. हा मिक्सर कोण करतंय?"

"नाही म्हणायचं. औषधं, बाजार, स्वयंपाक, काहीही एकट्याला जमत नाही."

"या घरात स्वयंपाक कोण करतं?"

"ते सांगायचं नाही."

"आणि त्यांनी विचारलं, काल रात्री भाजी कुणी केली, तर?"

"भाजीचं नाही विचारत हो कुणी!"

"सरकार आहे. ज्यांनी खांदे मागितले ते भाजी सोडतील?"

तिनं डोळे मिटून घेतले. कोपऱ्यावरच्या दुकानाचं प्रकरण अजून निघायचंच होतं. तिथे कपडे लहानमोठे करून मिळायचे. चालवणाऱ्या बाईंचं एक मशीन खडखडत सारखा दोरा तोडायचं आणि तो आवाज रस्त्यावरून जाताना बाबांना सहन झाला नव्हता. आधी नुसते आत डोकावले, मग बसले, मग रोज बसू लागले. ना ओळख ना भाषा. ती बाई तिच्या भाषेत तक्रार करायची, बाबा मराठीत समजूत घालायचे आणि मशीन चालू व्हायचं. एक दिवस वकीलबाई तिथून जात होत्या. काचेतून त्यांना आपले अशील मशीनखाली आडवे झालेले दिसले, आणि त्यांनी तिथूनच फोन करून हिला फैलावर घेतलं. अर्ज चालू असताना काम करणं म्हणजे गुन्हा, हे तुमच्या वडिलांना कुठल्या भाषेत सांगू?

"दुकानाबद्दल विचारलं तर?" ती म्हणाली.

"तिथे मी बसायला जातो."

"मशीन उघडून?"

"मग बसून काय माशा मारू? आणि एक पै घेत नाही मी. पैसे नाही, मग काम कसलं?"

"हात लावला की काम, बाबा. असा कायदा आहे."

"मग देवळात टाळ वाजवणारासुद्धा कामाला आहे म्हणायचं."

"बाबा, मी हात जोडते. बाकी सगळं विसरा. एकच वाक्य नीट म्हणा. 'मी माझ्या मुलीवर अवलंबून आहे.' यावरच सगळं अडलंय."

बाबांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. अगदी हळू, वर्तमानपत्राच्या कडेला समांतर.

"ते नाही जमायचं."

"का?"

"कारण ते खोटं आहे."

"अर्जात लिहिलंय तसं. तुम्ही सही केलीये!"

"तू जिथे बोट ठेवलंस तिथे केली. वाचलं कुठे?" ते चष्मा काढून शर्टाला पुसू लागले. "गुडघे दुखतात म्हणेन. विसरतो म्हणेन. आंधळा झालोय म्हण, म्हणालीस तर काठी टेकत येईन. पण हे नाही. मी बांडगूळ नाहीये, साहेब."

हे 'साहेब' कुठल्या जातीचं होतं, ते तिला आवाजावरून कळलं.

"मग काय करायचं? घालवायचं सगळं? वर्षभर मी जिथे तिथे रांगा लावल्या, लॅबमध्ये बोलणी खाल्ली, त्या वकीलबाईंचं ऐकून घेतलं, हे सगळं कशासाठी?"

"तेच मी विचारतोय. कशासाठी?"

"तुमच्यासाठी!"

"मी मागितलं होतं?" बाबांचा आवाज चढला नव्हता. "तुझा पाय बरा झाला. मी त्या दिवशीच म्हटलं, जातो. परत यायला बंदी घालतील, घालू देत. मला कुठे परत यायचं होतं? तू का धरून ठेवलंयस मला?"

यावर ती बरंच बोलली. मुदतीबाहेर राहिलेल्या माणसाची विमानतळावर नोंद होते, दंड बसतो, नाव यादीत जातं. या वयात एकट्यानं राहणं शहाणपणाचं नाही. वकीलबाईंच्या मते आत्ता अर्ज मागे घेणं म्हणजे कबुलीच. बोलता बोलता तिच्या लक्षात आलं, की आवाजसुद्धा आपण वकीलबाईंचाच लावलाय. बाबा मान तिरकी करून ऐकत होते. बिघडलेलं मशीन ऐकायचे तसे, खडखड नेमकी कुठून येतेय ते शोधत.

"झालं?" ते म्हणाले. "कायद्याचं झालं. आता तुझं सांग."

ती उठली. पिशवी घेतली. "दूध संपलंय," म्हणाली आणि बाहेर पडली.

दूध होतं. बाहेर बऱ्यापैकी थंडी होती आणि ती शाल घरीच विसरली होती. दोन रस्ते उगाचच फिरून ती परत आली तेव्हा मिक्सर जुळवून जागेवर गेला होता आणि बाबा कणीक मळत होते. संध्याकाळी तिनं मुलाखतीसाठी आणलेला निळा शर्ट त्यांनी घालून पाहिला. आरशासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "बँडवाला दिसतोय. आता फक्त क्लॅरिनेट द्या हातात." मग जेवताना, ताटातून मान वर न करता म्हणाले,

"बरं. म्हणेन ते वाक्य. तू तोंड पाडून बसू नकोस."

ती म्हणाली, "थँक्यू." बाबांना! जणू लॅबमध्ये कुणी साचा पुढे सरकवला होता.

सकाळी तिनं निळ्या शर्टाला इस्त्री केली, चहा टाकला आणि हाक मारली. कार्यालय शहराच्या दुसऱ्या टोकाला, बस बदलून जायचं, उशिरा येणाऱ्याला आत घेत नाहीत. दुसरी हाक मारली. "बाबा, आज तरी नाटकं नकोत." तिसऱ्या हाकेला ती तणतणतच खोलीत शिरली. ती हाक रागाची होती. पांघरूण ओढलं आणि त्यांचा हात तिच्या हाताला लागला.

डॉक्टर म्हणाले, झोपेत. त्रास झाला नसणार. डॉक्टर हे सगळ्यांना सांगत असतील, असं तिला वाटलं, पण तिनं ते धरून ठेवलं.

कार्यालयाला फोन करायलाच हवा, असं तिला त्या दिवशी का वाटलं कोण जाणे. कुणी वाट पाहत असेल तर कळवावं, ही घरची शिस्त. बऱ्याच वेळानं एक आवाज आला.

"अर्जदार का येऊ शकत नाहीत?"

"ते वारले."

"ऐकून वाईट वाटलं. पुढची तारीख कधीची देऊ?"

"अहो, ते गेले. मरण पावले."

"हो, समजलं. पण तारीख घेतली नाही तर गैरहजर धरलं जाईल."

धरलंच. पत्र आलं, बाबांच्याच नावानं. मुलाखतीस विनाकारण अनुपस्थित राहिल्यामुळे अर्ज नामंजूर. देशातील वास्तव्य बेकायदेशीर असल्यानं त्वरित देश सोडावा. अन्यथा बंदोबस्तात रवानगी करण्यात येईल. तिनं ते आत्याला फोनवर वाचून दाखवलं. पलीकडून आत्या कडाडली.

"पाठवा म्हणावं! बंदोबस्तात पाठवा! बँडही लावा! आयुष्यात पोलीस चौकीची पायरी चढला नाही माझा दादा, जाताना तरी थाटात येऊ दे." आणि त्याच श्वासात रडू लागली. "अगं पोरी, त्याला आणतेस कधी? तुझ्या आईच्या शेजारी जायचं होतं त्याला."

आणणं सोपं नव्हतं. दहन इथेच करावं लागलं होतं. अस्थी एका मोहोरबंद डब्यात तिच्या कपाटात होत्या, बाबांच्या शर्टांच्या खालच्या फळीवर. त्या विमानानं न्यायच्या तर आपल्या वकिलातीचं पत्र हवं. पत्र हवं तर मृताचा मूळ पासपोर्ट रद्द करून घ्यायला हवा. आणि पासपोर्ट कार्यालयाच्या कपाटात. कार्यालय म्हणालं, पासपोर्ट फक्त अर्जदाराच्या हातात, नाहीतर प्रकरण बंद झाल्यावर. प्रकरण बंद कसं होतं? अर्जदारानं स्वतः सही करून.

"हे लोक उद्या चितेवर शिक्का मारायला येतील," वकीलबाई म्हणाल्या. पहिल्यांदाच तिला त्या आवडल्या. त्यांनीच भांडून भेटीची वेळ मिळवली आणि बजावलं, "मला आत येऊ देणार नाहीत. ते काय विचारतील त्याला 'हो' म्हणायचं. शहाणपणा करू नका. पासपोर्ट घ्या आणि निघा."

खोली अरुंद होती. मधे काच, काचेखाली कागद सरकवायची फट, खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या. जणू कुणी चोरून नेणार होतं. काचेपलीकडचा अधिकारी तरुण होता आणि त्याला सर्दी झाली होती. अलीकडे, दुसऱ्या खुर्चीवर, मांडीवर पर्स घेऊन एक बाई बसल्या होत्या.

"या दुभाषी," अधिकारी म्हणाला. "मराठीच्या."

"पण मला तुमची भाषा येते. आत्ता तीच तर बोलतेय मी."

"भेट अर्जदाराच्या नावानं आहे. अर्जदाराची भाषा मराठी. दुभाषी नसेल तर कॉम्प्युटर पान उघडत नाही." त्यानं रुमालात नाक शिंकरलं.

दुभाषी बाई तिच्याकडे झुकून हळूच म्हणाल्या, "बाबा होते ना तुमचे? फार वाईट झालं." मग दचकून सरळ बसल्या. "माफ करा हं. आम्हाला आपणहून बोलायची परवानगी नाही."

अधिकाऱ्यानं मृत्यूचा दाखला उलटसुलट करून पाहिला. फाईल उघडली. आत बाबांचा पासपोर्ट होता, गडद निळा, कोपरा थोडा दुमडलेला. तिला एकदम तो काचेतून हात घालून ओढून घ्यावासा वाटला.

"प्रकरण मृत्यूमुळे बंद करता येईल," तो म्हणाला. "पण फाईलवर एक शेरा आहे. अर्जदार एका दुकानात काम करताना दिसले, अशी तक्रार आली होती. त्यामुळे अर्जातली माहिती खरी होती, असं तुम्हाला सांगावं लागेल. वाचतो. 'अर्जदार स्वतःची देखभाल करू शकत नाहीत. ते सर्वस्वी मुलीवर अवलंबून आहेत.' हे खरं होतं?"

हो म्हणायचं होतं. एका अक्षराचं काम. आत्या वाट बघत होती, कपाटात डबा वाट बघत होता, बाहेर बाकावर वकीलबाई घड्याळ बघत होत्या. पण ताटावर मान घालून 'बरं, म्हणेन' म्हणणारा माणूस तिच्या डोळ्यांपुढून हलेना. ते वाक्य म्हणण्याआधीच ते निसटले होते, आणि आता त्यांच्या तोंडात ते आपण कोंबायचं?

"नाही," ती म्हणाली.

अधिकाऱ्यानं मान वर केली. "नाही?"

"खरं नव्हतं. ते सगळं स्वतः करायचे. माझंही करायचे. स्वयंपाक तेच करायचे. काल रात्री भाजी कुणी केली असं विचारलं असतंत, तर अर्ज तिथेच निकालात निघाला असता."

त्याला भाजीचं काही कळलं नाही. तो पडद्यावरचं पान वरखाली सरकवत राहिला. वकीलबाई आता आपल्याला उभं चिरतील, आणि आत्याला काय सांगायचं, हे तिच्या मनात फिरत होतं.

"हे बघा," तो शेवटी म्हणाला आणि त्याच्या आवाजात पहिल्यांदा थोडा वैताग आला, माणसासारखा. "हो म्हणा, नाही म्हणा, कारवाई आता कुणावर करणार? या रकान्यात उत्तर भरल्याशिवाय पान पुढे जात नाही. उत्तर बरोबरच हवं असं कुठे लिहिलेलं नाही." त्यानं एक कळ दाबली, शिक्का मारला आणि पासपोर्ट फटीतून अलीकडे सरकवला.

तिनं तो दोन्ही हातांनी घेतला. फोटोतले बाबा तिच्याकडे नेहमीच्या संशयानं बघत होते.

"एक रकाना राहिला," अधिकारी म्हणाला. "ते अवलंबून नव्हते, तर मग हा अर्ज केला कशासाठी होता?"

तिच्याकडे उत्तरं तयार होती; वर्षभर तीच तर देत आली होती. वय, एकटेपणा, प्रकृती, बंदी. तिनं तोंड उघडलं आणि त्याच्या भाषेतला एकही शब्द सापडेना. दुभाषी बाईंकडेही तिनं पाहिलं नाही. पासपोर्टकडे बघत ती मराठीत बोलू लागली. बाई आधी सवयीनं भाषांतर करत होत्या, मग अडखळल्या, मग गप्प झाल्या. अधिकाऱ्याची बोटं कळांवर तशीच थांबून राहिली.

"अवलंबून मी होते," ती म्हणाली. "कुलूप उघडताना आत कुणीतरी आहे हे कळायचं ना, त्यावर. माझा पाय कधीच बरा झाला होता. कायदा, बंदी, ते सगळं मी पुढे करत होते, कारण हे म्हणायची लाज वाटत होती. जाऊ नका, बाबा. मला तुम्ही हवे आहात. इथे राहा. माझ्यासाठी राहा."